भर दुपारची पैठणी आणि बॅटरीवरचा फ्लॅश: नाशिकमधलं एक प्रकरण

काम काय होतं

येवल्याच्या एका पैठणी व्यापाऱ्याला वीस साड्यांचा कॅटलॉग करून हवा होता. स्टुडिओतला पडदा नको. द्राक्षबाग हवी आणि गंगापूर धरणाचं बॅकवॉटर हवं, हा त्यांचा हट्ट. जानेवारीचा शेवट, म्हणजे बागेत घड भरलेले. काम घेतलं नाशिकच्या गंगापूर रोडवर स्टुडिओ चालवणाऱ्या भावा-बहिणीने. कॅमेरा भावाकडे, लाइट, वही आणि पैशांचा हिशेब ताईकडे. हाताशी निकॉनचा झेड ६ टू कॅमेरा, दोन लेन्स, गोडॉक्सचा कॅमेऱ्यावर बसणारा एक फ्लॅश आणि त्याचा ट्रिगर, म्हणजे दुरून फ्लॅश उडवणारा रेडिओ. लग्नाच्या हॉलमध्ये एवढ्यावर भागत होतं.

अडचण वेळेची होती. दोघी मॉडेल मुंबईहून तपोवन एक्स्प्रेसने येणार, नाशिकरोडला दहाच्या सुमाराला उतरणार, तिथून गिरणाऱ्याची बाग, मग मेकअप, मग पहिली साडी नेसवणं. पहिली फ्रेम बाराच्या आत होत नाही हे उघड होतं. सकाळचं कोवळं ऊन गेलं. बारा ते सूर्यास्त साधारण सहा तास, म्हणजे साडीमागे अठरा मिनिटं. रामघाटाचाही विचार झाला होता, पण गर्दी आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामं बघता तो लगेच सोडला. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. तिथे स्टँड आणि लाइट लावायला आधी परवानगी काढावी लागते, तेवढा अवधी नव्हता.

आता पैठणीचं म्हणणं काय असतं ते बघा, कारण फ्लॅशचा निम्मा निर्णय तिथेच होतो. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. उजेडाचा कोन बदलला की साडी जांभळी दिसते, जरा वळली की लाल. त्यात काठ आणि पदर जरीचे. डोक्यावरच्या कडक उन्हात जरीचा धागा जिथे उचललेला असतो तिथे पांढरा फट्ट पडतो आणि निऱ्यांच्या आतल्या सावल्या काळ्या होतात. गिऱ्हाईक फोटो बघून साडी मागवणार, मग रंग वेगळा निघाला म्हणून परत पाठवणार. म्हणून व्यापारी काकांचं मागणं साधं आणि कठीण होतं: मोर मोरासारखा दिसावा, दोन्ही रंग दिसावेत, काठापासून काठापर्यंत सगळं धारदार हवं.

भावाचं पहिलं म्हणणं, रिफ्लेक्टरवर भागवू. ताईने ते खोडून काढलं. चंदेरी रिफ्लेक्टरने दुपारचं ऊन चेहऱ्यावर टाकलं की मॉडेल डोळे बारीक करते, उजेड खालून येतो, आणि डोक्यापासून पायापर्यंतची साडी एका गोल पत्र्याने सारखी उजळत नाही. मला इथे बोलावलं गेलं ते फक्त फ्लॅशचा हिशेब तपासायला. हिशेब ताईने आधीच अर्धा मांडून ठेवला होता.

उन्हाचा आकडा

बहुतेक जण दुकानापासून सुरुवात करतात: दोनशे वॉट-सेकंद ताकदीचा फ्लॅश घेऊ की सहाशेचा? या दोघांनी उन्हापासून केली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच.

निरभ्र आकाशाखाली आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला शटर १/१०० सेकंद असेल तर अ‍ॅपर्चर एफ १६ (लेन्सचं भोक; आकडा मोठा तसं भोक लहान), हा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा. नाशिक २० अक्षांशावर आहे, जानेवारीअखेरीसही दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या वर असतो, त्यामुळे ठोकताळा इथे लागू पडतो. झेड ६ टू चा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत नीट चालणारं सगळ्यात वेगवान शटर, १/२००. शटर एक स्टॉप (उजेड निम्मा किंवा दुप्पट होण्याचा टप्पा) वेगवान, म्हणून अ‍ॅपर्चर एक स्टॉप उघडं: एफ ११. बागेतली उन्हातली पानं या आकड्याला बरोबर दिसतात.

मॉडेलची पाठ सूर्याकडे केली की साडीची समोरची बाजू सावलीत जाते आणि दोन ते तीन स्टॉप खाली येते, म्हणजे एफ ५.६ ते एफ ४ ची होते. मागची बाग एफ ११ ला नीट, साडी मात्र अंधारी. ती उचलायची, पण पूर्ण एफ ११ पर्यंत नाही. तसं केलं तर माणूस पोस्टरमधून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. एक स्टॉप कमी ठेवला की डोळ्याला पटतं. म्हणजे फ्लॅशकडून एफ ८ ला पुरेल इतका उजेड हवा.

किती अंतरावरून? सॉफ्टबॉक्स अगदी जवळ आणला तर खांद्यावरचा पदर भडक आणि पायाजवळच्या निऱ्या मंद होतात, कारण उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. शिवाय पूर्ण उंचीच्या फ्रेममध्ये स्टँडही दिसतो. १२० सेंटीमीटरचा ऑक्टा (आठ बाजूंचा सॉफ्टबॉक्स, उजेड मऊ करायला आत आणि बाहेर पांढरं कापड) तीन मीटरवर ठेवला तर डोक्यापासून पायापर्यंत बऱ्यापैकी सारखं पडतं. तेव्हा ताईच्या वहीत एकच ओळ होती: “दोन्ही कापडं लावलेल्या ऑक्टातून, तीन मीटरवर, आयएसओ १०० ला एफ ८.” मागणी इतकी ठरली की दुकानदाराचं निम्मं बोलणं आपोआप बाद होतं.

हाय स्पीड सिंकचा, म्हणजे सिंकच्या पलीकडच्या वेगवान शटरला फ्लॅश चालवण्याचा मुद्दा भावाने काढला, कारण बाजारात प्रत्येक जण आधी तेच विचारतो. १/२०० च्या पुढे शटरचा पडदा पूर्ण उघडत नाही, सेन्सरवरून एक फट सरकत जाते. ती फट सरकेपर्यंत फ्लॅशला सतत झगमगत राहावं लागतं आणि बराचसा उजेड पडद्यावर वाया जातो. उंबरठा ओलांडताच सुमारे दोन स्टॉप जातात. पुढे शटर जितकं वाढवाल तितकं ऊन कमी होतं, पण फ्लॅशही तितकाच कमी होतो. शटर वाढवून ऊन हरवता येतं, हा समज म्हणूनच खोटा. एफ २.८ ला १/३२०० म्हणजे उन्हाच्या दृष्टीने एफ ११ ला १/२०० च. फरक मागची बाग धूसर होण्याचा. प्रीवेडिंगला तो लाखमोलाचा; तिथेही चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी काच) लावून १/२०० वरच राहिलं तर फ्लॅशची ताकद शाबूत राहते. पैठणीला मात्र एफ ८ च्या खाली उतरायचंच नव्हतं. ज्या वैशिष्ट्यावर जाहिरातींचा सगळा भर, त्याची या कामात गरजच उरली नाही.

बाजारातले पर्याय

वॉट-सेकंद म्हणजे कपॅसिटरमध्ये साठलेली वीज. उजेड किती पडेल ते ट्यूब, हेड, रिफ्लेक्टर, सॉफ्टबॉक्स या सगळ्यांवर ठरतं. तरी तुलनेला हाच आकडा सोयीचा, कारण दुप्पट वॉट-सेकंद म्हणजे एक स्टॉप. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशमध्ये ही ऊर्जा ६० ते ७५ च्या आसपास असते. त्याच्या डब्यावरचा गाइड नंबर, म्हणजे ताकद सांगणारा आकडा, मोठा दिसतो तो झूम टोकाला नेऊन, उजेड अरुंद झोतात गोळा करून मोजलेला असतो; ऑक्टात टाकला की तो थाट उतरतो.

गोडॉक्सचा एडी२०० प्रो: २०० वॉट-सेकंद, बॅटरी सोडून अर्ध्या किलोच्या थोडा वर, एका चार्जमध्ये फुल पॉवरचे सुमारे ५०० फ्लॅश, पुन्हा भरायला जास्तीत जास्त १.८ सेकंद. एडी४०० प्रो: ३९० फ्लॅश, एक सेकंद, वजन दोन किलोच्या पुढे. एडी६०० प्रो: ३६० फ्लॅश, ०.९ सेकंद, वजन तीन किलोच्या घरात. काकांच्या ओळखीच्या एका मुंबईच्या फोटोग्राफरने प्रोफोटो बी१० सुचवला. सुंदर वस्तू, पण ती २५० वॉट-सेकंदांची. तेवढ्या पैशांत इथे चारशेचे दोन तरी येतात. एका कॅटलॉगच्या जिवावर तेवढी उडी मारायची नाही, यावर कोणाचंच दुमत नव्हतं.

गोडॉक्सकडेच मन वळलं त्याला आणखी एक कारण होतं, आणि नवीन घेणारे ते विसरतात. यांच्याकडचा जुना फ्लॅश आणि ट्रिगर एकाच २.४ गिगाहर्ट्झ रेडिओ प्रणालीचे. नवा लाइट त्याच घराण्यातला असेल तर जुना फ्लॅश मागून केसांवर टाकायला आयता मिळतो. दुसऱ्या घराण्यात गेलं तर ट्रिगर नवा आणि जुना फ्लॅश अडगळीत.

एडी२०० ला जोडीदार म्हणून एक ब्रॅकेट मिळतं, एडी-बी२. त्यात दोन दोनशेचे हेड बसतात, पुढे बोवेन्स माउंट (सॉफ्टबॉक्स अडकवायची कडी) येतं, दोन्ही मिळून चारशे वॉट-सेकंद. शिवाय दोनशेला एक एक्स्टेन्शन हेडही आहे, ईसी२००: हेड, म्हणजे उजेड देणारं तोंड, वर, लांब केबल, आणि जड शरीर खाली पिशवीत. हे पुढे कामाला आलं.

बागेतली चाचणी

भाऊ सहाशेवर अडून बसला होता. “ताई, दुपारचं ऊन आहे, ताकद जास्त असलेली कधी वाया जात नाही.” ताई म्हणाली, “मग तू उचल. गिरणाऱ्याच्या ढेकळांतून ऑक्टासकट तीन किलो वर धरून उभा राहा.” हा वाद खोलीत मिटणारा नव्हता. त्यांनी मुंबईहून सहाशे आणि चारशे एका दिवसाच्या भाड्याने मागवले, एका मित्राचे दोन दोनशे आणि ब्रॅकेट घेतलं, आणि कामाच्या आधी भर दुपारी बागेत गेले. भाड्याचा खर्च खरेदीच्या मानाने किरकोळ होता.

उजेड मोजणाऱ्या लाइटमीटरवर जे आलं ते कागदावरच्या हिशेबाशी जुळलं. तीन मीटरवर, दोन्ही कापडांच्या ऑक्टातून, एक दोनशे एफ ५.६ च्या आसपास. चारशे एफ ८. ब्रॅकेटमधले दोन दोनशे मिळूनही एफ ८. सहाशे एफ ८ आणि एफ ११ च्या मधोमध. घरचा जुना फ्लॅश एफ ४ लाही पोचला नाही. म्हणजे चारशे नेमका पुरतो आणि सहाशेत अर्ध्या स्टॉपची शिल्लक राहते.

त्या शिल्लकेची किंमत मात्र बागेनेच दाखवली. द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फूट जागा, वर तारा आणि वेलींचा मांडव. सहाशेवाला स्टँड ओळीत उभा केला की ऑक्टाची वरची कड वेलींत अडकायची. बाग ज्यांची होती त्यांनी आधीच बजावलं होतं: घडांना हात लागायचा नाही, मण्यांवरची पांढरट पूड पुसली गेली की माल डागी दिसतो आणि भाव पडतो. जमिनीवर ठिबकच्या नळ्या. स्टँडचे पाय पसरायचे तर नळीवर पाय पडणार. तीन किलोचा लाइट आणि वर ऑक्टा म्हणजे भक्कम, रुंद पायांचा स्टँड आलाच, आणि रुंद पाय या ओळीत मावत नव्हते. सहाशेलाही वेगळं हेड मिळतं, वजन खाली ठेवता येतं, पण ती खरेदी वेगळी.

उलट दोनशेचं एक्स्टेन्शन हेड एका साध्या मोनोपॉडवर लावून ताईने ते हातात धरलं आणि वेलींच्या खालून, घडांच्या मधून, हवं तिथे नेलं. अर्ध्या उंचीच्या फ्रेमसाठी छोटा सॉफ्टबॉक्स दीड मीटरवर आला. अंतर निम्मं, म्हणजे उजेड चौपट, दोन स्टॉप. एका दोनशेने आरामात काम झालं.

पदर उडवण्याच्या फ्रेमने वेगळाच धडा दिला. फुल पॉवरला या लाइटांचा झोत शटरच्या १/२०० इतकाच लांब चालतो, त्यामुळे हवेतल्या पदराचं टोक पुसट येतं. पॉवर खाली आणली की झोत आखूड होतो आणि पदर थिजतो. इथे सहाशे खरोखर वरचढ: त्याला निम्म्यावर आणूनही बऱ्यापैकी उजेड उरतो, आणि भरायलाही अर्धा वेळ लागतो. भावाचा मुद्दा पोकळ नव्हता. पण वीस साड्यांत उडता पदर चार-पाचच ठिकाणी होता.

निर्णय

ताईने दोन दोनशे आणि ब्रॅकेट ठरवलं. चारशेची ताकद दोन तुकड्यांत. चारशेच्या एकाच डब्याची बाजूही मी मांडली, कारण ती कमकुवत नव्हती: त्यात पंखा आहे, दोनशेत नाही; तो एका सेकंदात भरतो; एकच बॅटरी सांभाळायची. स्टुडिओत एकटा माणूस असता आणि काम नेहमी एकाच मोठ्या लाइटचं असतं, तर मी चारशेच घ्या म्हटलं असतं.

इथे दोन गोष्टींनी पारडं झुकवलं. पहिली म्हणजे बाग: तिथे दोन ठिकाणी दोन लहान लाइट हवे होते, उघड्यावर एकच मोठा. दुसरी, एक बंद पडला तर दुसरा चालू राहतो. नाशिकहून मुंबई १६५ किलोमीटरच्या वर. दुपारी दोन वाजता लाइट मेला तर त्या दिवशी बदली येत नाही, आणि मॉडेलचे, नेसवणाऱ्या बाईंचे, गाडीचे पैसे द्यावेच लागतात.

बॅटरीचा हिशेब ताईने तिथेच केला. वीस साड्या, साडीमागे पंचवीस फ्रेम, पाचशे फ्लॅश. बॅटरी बरोबर ५०० फुल पॉवरची. कागदावर पुरते, पण चाचणीच्या फ्रेम, वाऱ्याने बिघडलेल्या, डोळे मिटलेल्या त्यात धरलेल्या नसतात. म्हणून दोन्ही लाइटांमागे मिळून एक बॅटरी जादा. ती साधारण ४२ वॉट-तासांची आहे. विमानात १०० च्या आतली सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानात नेता येते, चेक-इनमध्ये नाही. ओझरहून लग्नाच्या कामाला बाहेर जायचं तर हे कळलेलं बरं.

खरेदी पक्क्या बिलावरच केली. बिनबिलाचा माल थोडा स्वस्त मिळत होता. पण अशा लाइटमध्ये ट्यूब आणि कपॅसिटर हे झिजणारे भाग. वॉरंटी नसलेला लाइट वर्षाने बिघडला की वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात, आणि जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओला बिलावरच्या कराची वजावट मिळते ती वेगळी.

प्रत्यक्ष काम

बारा ते तीन बागेत. दोघी मॉडेल आलटून पालटून. एकीचे फोटो चालू असताना दुसरीला साडी नेसवणं चालू. त्यामुळे १.८ सेकंद थांबणं कोणालाच जाणवलं नाही. निऱ्या नीट करायला, पदर पुन्हा लावायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. फ्लॅश पुन्हा भरण्याच्या दशांश सेकंदांवर वाद घालणाऱ्यांनी एकदा पैठणी नेसवताना बघावी.

उडत्या पदराला लागोपाठ फ्लॅश मारले तेव्हा मात्र लाइट तापले आणि भरायला वेळ घेऊ लागले. पंखा नसल्याचा हा परिणाम अपेक्षितच होता. ताईने ऑक्टाचं बाहेरचं कापड काढलं, स्टँड थोडा पुढे घेतला आणि दोन्ही हेड निम्म्या पॉवरवर आणली. पदर थिजला, लाइट शांत झाले. उजेड किंचित कडक झाला, पण उडत्या पदरात तो शोभलाच. प्रत्येक साडीला पहिली फ्रेम ग्रे कार्डची (रंग जुळवायचा राखाडी पुठ्ठा), मग दोन कोनांतून एकेक, म्हणजे धूपछावचे दोन्ही रंग कॅटलॉगात शेजारी-शेजारी छापता येतील. ही कल्पना काकांची.

साडेचारनंतर बॅकवॉटर. तिथे प्रश्न ताकदीचा उरला नाही, वाऱ्याचा झाला. मोकळ्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात १२० चा ऑक्टा होडीच्या शिडासारखा भरतो. वाळूच्या पिशव्या आणल्या नव्हत्या; पाण्याचे पाच लिटरचे कॅन स्टँडला बांधले आणि ऑक्टाऐवजी ९० चा लावला. ऊन उतरत गेलं तशी पॉवर चतुर्थांशावर, मग आठव्या भागावर आली. एक दोनशे समोर, दुसरा ब्रॅकेटमधून काढून बाजूला, जुना फ्लॅश मागून केसांवर, तिन्ही एका ट्रिगरवर वेगवेगळ्या गटांत. मावळतीचं ऊन पिवळसर आणि फ्लॅश दुपारसारखा पांढरा, म्हणून हेडवर आधी अर्धा सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद), सूर्य टेकल्यावर पूर्ण. जेलमुळे अर्धा-पाऊण स्टॉप जातो. त्या वेळी तो द्यायला भरपूर होता. शेवटची साडी, हिरव्या काठाची, अंधार पडण्याआधी झाली. जादा बॅटरी एकदा बदलावी लागली.

नंतर आलेली मागणी

कॅटलॉग बघून काकांनी पुढचं काम काढलं: पाडव्याच्या जाहिरातीसाठी आठ मॉडेल एका रांगेत, बॅकवॉटरलाच, दुपारीच. भावाने लगेच ताईकडे बघितलं. सहाशेचा विषय पुन्हा निघाला.

ताईने वही उघडली. आठ जणींची रांग म्हणजे लाइट पाच मीटर मागे न्यावा लागणार. तीनवरून पाचवर गेलं की दीड स्टॉप गेला. यांचे दोन दोनशे मिळून एफ ५ च्याही खाली. एक सहाशे एफ ६ च्या जवळपास, म्हणजे तोही एफ ८ ला पोचत नाही. एफ ८ हवा तर दोन सहाशे, दोन भक्कम स्टँड, आणखी दोन माणसं. ऑक्टा काढून नुसता रिफ्लेक्टर लावला तर उजेड पोचेल, पण जरीचे काठ पुन्हा पांढरे पडतील. तो मार्ग तिने काकांना सांगितलाही नाही.

तिने काकांपुढे दोन दरपत्रकं ठेवली. एक दुपारचं, मुंबईहून दोन सहाशेचं भाडं आणि जादा माणसं धरून. दुसरं संध्याकाळी पाचनंतरचं, आहे त्याच लाइटांवर, त्यात मॉडेलना एक रात्र नाशिकला ठेवण्याचा खर्च. काकांनी दोन्ही बेरजा चष्मा वर करून वाचल्या आणि दुसऱ्या कागदावर सही केली.